दुसऱ्यानं लिहिलेली साक्ष

माझा एक पाय चर्चमधल्या पुलपिटाच्या, उपदेश द्यायच्या उंच जागेच्या, दुसऱ्या पायरीवर होता. मागून कुणीतरी दंड धरला. वळून पाहिलं तर डेव्हिडसाहेब. दौंडच्या आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, मुख्य पंच. रेल्वेतून मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले. आवाज खालचा, पण पुढच्या तीन बाकांना ऐकू जाईल एवढा.

"बाई, तुम्ही खालून बोला."

मला वाटलं, वरचा माइक बिघडला असेल. "का वो साहेब?"

"तुमची साक्ष आहे. उपदेश नाही. साक्ष खालून देतात."

माझ्या आधी आमच्याच सेवेच्या वर्गातले तिघं वर जाऊन आले होते. रेल्वेतला एक क्लार्क, एक कंपाउंडर आणि इंग्रजी शाळेतल्या एक बाई. त्या बाईंना कुणी धरलं नव्हतं. म्हणजे मी बाई आहे म्हणून नव्हतं ते. मला कळलं. पुढच्या तिन्ही बाकांनाही कळलं.

साक्ष म्हणजे देवानं आपलं आयुष्य कसं बदललं ते सांगणं. मी तर उपदेशच तयार केला होता. विहिरीवरच्या शोमरोनी बाईवर. यहुदी लोक शोमरोन्यांना हलकं मानायचे. येशू तिच्याकडं पाणी मागतो आणि ती विचारते, तुम्ही यहुदी असून माझ्या हातचं पाणी कसं मागता? महिनाभर बसून लिहिलं होतं. चार पानं. पुन्हा पुन्हा खोडून लिहिलेली.

मी पाय खाली घेतला. खालून बोलले. बोलता बोलता घाबरून तोंडातून "हाय" गेलं, "न्हाई" गेलं. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मी पान दोन गाळलं, पान तीन गाळलं आणि खाली बसले.

मी न्हावऱ्याची. शिरूर तालुक्यातलं न्हावरे. आमची अकरा घरं, सगळी मांगवाड्यातली, आजोबांच्या वेळी ख्रिस्ती झालेली. गावानं आम्हाला कधी ख्रिस्ती म्हटलं नाही. गावाला आम्ही होतो तेच होतो. म्हटलं असू दे, गावाला काय कळतंय. मंडळीत तरी आपण माणूस. हे मी खरंच मानत होते. म्हणून पुढचं जास्त लागलं.

माझा बाप शिरूरच्या एका बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचा. लाल कोट, सोनेरी पट्टी, बूट चकचकीत. कोटाला इस्त्री स्वतः करायचा, कुणाला हात लावू द्यायचा नाही. लग्नात बाकीचे वाजवणारे प्यायचे, हा सोडासुद्धा घ्यायचा नाही. पंगत उठली की यांना मांडवाच्या मागं पानं वाढायचे. तिथं तो कधीच जेवला नाही. घरी येऊन भाकरी खायचा आणि कितीही दमला असला तरी शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, एक अध्याय मोठ्यानं वाचायचा. अडलेला शब्द मला विचारायचा. मी सातवीपर्यंत शिकले ती त्याच्यामुळं.

पुढं मी अंगणवाडीत मदतनीस झाले. नवरा वस्तीतलाच, साखर कारखान्याला उसाचा ट्रॅक्टर चालवायचा.

एका वर्षी माझी चुलती वारली. गावात नुकताच एसटीडी बूथ आला होता. तिथून दौंडला पाळकसाहेबांना, आमच्या चर्चच्या धर्मगुरूंना, फोन केला. येतो म्हणाले. सकाळची दुपार झाली, दुपारची संध्याकाळ. ते दुसऱ्या एका घरी लग्नात अडकले होते. आमच्यात कुणी तोंड उघडेना. आपल्याला अधिकार नाही म्हणे. शेवटी पुरुषांनी तिला तशीच मातीत ठेवली. वचन नाही, प्रार्थना नाही. नांगराच्या बैलाला पुरतात तशी. मी उभी होते. मला अख्खं स्तोत्र पाठ होतं आणि मी गप्प उभी होते.

त्यानंतर दोन महिन्यांनी पाळकसाहेबांनी उपासनेत सांगितलं, की साध्या विश्वासणाऱ्यांसाठी सेवेचा वर्ग सुरू होतोय. प्रत्येक वस्तीतून एक जण द्या. दीड वर्ष, दर शनिवारी. पास होईल त्याला आपल्या गावात उपासना चालवायची, आजाऱ्याकडं जायची, माती द्यायची परवानगी. मी तिथंच हात वर केला.

नवरा म्हणाला, "जा. पोरांचं मी बघतो."

दर शनिवारी न्हावऱ्याहून चौफुला, चौफुल्याहून दौंड. दोन गाड्या. एकही शनिवार चुकवला नाही.

पाळकसाहेब चांगलं शिकवायचे, ते मी नाकारत नाही. पण बोलण्याचा तास डेव्हिडसाहेबांचा. त्यांचे पणजोबा पुण्याच्या ब्राह्मणाचे ख्रिस्ती झालेले. तीन-चार पिढ्या उलटल्या, पण दर दोन तासांमागं एकदा तरी ते सांगायचे. ख्रिस्तात जात नसते हेही तेच सांगायचे. एका श्वासात.

पहिल्याच महिन्यात त्यांनी मला वर्गापुढं उभं केलं.

"म्हणा, आहे."

"आहे."

"नाही."

"नाही."

"परत."

दहा वेळा. बारा माणसं बघत होती. मी तिशीची, दोन लेकरांची आई. अंगणवाडीत मी पोरांना असं कधी उभं केलं नव्हतं. मी म्हटलं ते सगळं. शिकले. हे लिहितेय ती भाषा त्या तासाला शिकलेली आहे. ती मी त्यांना परत करणार नाही.

तास संपल्यावर पाळकसाहेब सायकली लावायच्या जागी भेटले. "ताई, धीर धरा. देव बघतोय."

देव बघत होता. पाळकसाहेबही बघत होते. दोघंही बोलत नव्हते.

तर पुलपिटाचं ते झालं तेव्हा वर्ग संपायला दीड महिना राहिला होता. मी घरी कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, एवढे दिवस काढले, एवढं गिळू. कागद हातात आला की आपलं गाव आपण सांभाळू.

मग परदेशातून पाहुणे येणार असं कळलं. नवराबायको, वयस्क. ह्या वर्गाला पैशानं मदत करणारे. डेव्हिडसाहेबांनी मला चर्चच्या व्हरांड्यात बोलावलं आणि एक कागद दिला. सुंदर अक्षर. "पाहुण्यांपुढे तुमची साक्ष ठेवलीय. एवढं पाठ करा."

मी तिथंच वाचलं. मी मांग जातीत जन्मले. आम्ही मेलेली गुरं ओढून आणून खायचो. आम्हाला अंघोळ ठाऊक नव्हती. माझा बाप दारुडा होता. तो मला गुरासारखा मारायचा. मंडळीने आम्हाला चिखलातून काढून माणूस केले.

मी कागद त्यांच्याकडं परत धरला. 

"साहेब, हे माझं न्हाई."

"पाहुण्यांना असंच समजतं."

"माझा बाप दारू पीत नव्हता. आन् आमच्यात गुरं वढत नव्हते. आमच्यात दोर वळायचे, वाजवायचे."

"तपशिलात शिरू नका. यातून प्रभूचा गौरव होतो."

"खोट्यानं कसा व्हईल?"

त्यांनी चष्मा काढला. पुसला. "बाई, प्रमाणपत्रावर सही माझी असते."

दीड वर्ष शिकवलं, आणि आम्ही काय करायचो एवढंही ह्या माणसाला माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं. त्याच्या लेखी खालचे सगळे एकच. ज्यांनी गुरं ओढली त्यांची मला लाज नाही. ज्यांनी ओढायला लावली आणि वर शिवायचं नाही म्हटलं, लाज त्यांनी बाळगावी. पण माझ्या मेलेल्या बापाच्या तोंडाला हा माणूस दारूचा वास लावत होता. देवाच्या नावानं.

कागद मी चोळीत ठेवला आणि घरी आले.

त्या रविवारी चर्च भरलं होतं. पाहुणे पुढं खुर्च्यांवर. माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले आणि माझं बोलले. न्हावरे कुठं आहे ते. बाप काय वाजवायचा ते. तो रोज वाचायचा ते. चुलतीला कशी माती दिली ते. दोन-दोन वाक्यं बोलायची, थांबायचं, डेव्हिडसाहेब इंग्रजीत सांगायचे. असं ठरलेलं.

माझी दोन वाक्यं व्हायची, त्यांची दहा. मला इंग्रजी येत नव्हतं. पण अंगणवाडीच्या भिंतीवर तक्ता होता, तो मीच रोज पोरांकडून म्हणून घ्यायची. त्यातला एक शब्द आला. काऊ.

मी गाईबद्दल बोललेच नव्हते.

पुढं डर्टी आला. तोही ठाऊक होता, नखं तपासताना आमच्या अंगणवाडीच्या बाई म्हणायच्या. मग फादर हा शब्द आला आणि साहेबांनी अंगठा तोंडाकडं नेऊन मान मागं टाकली. बाटली लावल्यासारखी. ते कळायला इंग्रजी लागत नाही. पाहुणीनं छातीवर हात ठेवला. तिचे डोळे भरले. तिच्या नवऱ्यानं कॅमेरा काढून माझा फोटो घेतला.

तो फोटो कुठंतरी असेल आज. त्याखाली माझ्या बापाचं काय लिहिलं असेल?

"साहेब, थांबा," मी म्हणाले. "मी काऊ म्हणाले न्हाई."

 साहेब हसले. "बाई, पुढे बोला."

मी पाहुण्यांकडं वळले. "नो काऊ. नो डर्टी. माय फादर म्युझिक." आणि क्लॅरनेट धरतात तशी बोटं धरली.

साहेबांनी त्यांना काहीतरी सांगितलं. पाहुणे मायेनं हसले आणि माना डोलवल्या. ते हसणं मला मागच्या बाकावरच्या हसण्यापेक्षा जास्त लागलं. वर्गातल्या त्या इंग्रजी शाळेतल्या बाई समोरच बसल्या होत्या. त्यांना सगळं समजत होतं. त्या स्वतःच्या चपलेकडं बघत होत्या.

मग मी चोळीतला कागद काढला आणि मोठ्यानं वाचला. मराठीत. मंडळीसाठी. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, त्यांनीच शिकवलेल्या स्वच्छ उच्चारात. साहेब "बाई, बाई" करत होते. मी थांबले नाही.

"हे साहेबांनी लिवलंय. ह्यातली एक वळ बी माझी न्हाई. माझा बाप हा कागद लिवणाऱ्यापेक्षा सोवळा व्हता. मी दीड वर्स हितं देवाचं वचन शिकाय आले. भीक मागाय न्हाई आले, आन् तुमाला भीक मिळावी म्हणून हुबी ऱ्हायला बी न्हाई आले."

कागद पाहुणीच्या हातात दिला. तिला वाचता येणार नव्हता, तरी दिला. आणि निघाले.

कुणी उठलं नाही. पाळकसाहेबांनी पेटीवाल्याला खूण केली आणि गीत सुरू झालं. मला गाण्याखाली दाबायला. शेवटच्या बाकावर एक म्हातारी होती, दवाखान्यात झाडूकाम केलेली, वर्षानुवर्षं तिथंच बसणारी. मला वाट द्यायला तिनं पाय मागं घेतले आणि माझ्या हाताला धरलं.

"माझी बी त्येंनीच लिवली व्हती गं," ती म्हणाली. "मी म्हणून टाकली."

मी बाहेर येऊन भिंतीला टेकले आणि तिच्यासाठी रडले. माझ्यासाठी रडू येत नव्हतं.

पंधरा दिवसांनी पाळकसाहेब स्कूटरवर न्हावऱ्याला आले. पंचांची बैठक झाली होती. मी उपासनेत बेशिस्त वागले असं ठरलं होतं. दोन ओळी माफीच्या लिहून दिल्या तर प्रमाणपत्र मिळेल. नाही दिल्या तर नाव कमी. "मीच तुमच्यासाठी भांडलो, ताई. नाहीतर थेट काढणारच होते."

माझे सासरे, आबा, वस्तीतले मोठे. ते म्हणाले, "पोरी, लिहून टाक. दोन वळी त्या. आपल्याला मंडळीत ऱ्हायचं हाय. उद्या मी मेलो तर कुणी यायचं?"

"मी येईन आबा."

"तुला अधिकार हाय का?"

"चुलतीच्या टायमाला ज्येंना हुता, ते आले हुते का?"

 पाळकसाहेबांनी चहा अर्धा ठेवला. जाताना मी त्यांना एकच विचारलं. "तुम्हाला इंग्रजी येतं. त्या दिवशी साहेब काय सांगतायत ते तुम्हाला कळत होतं का?"

त्यांनी स्कूटरला किक मारली आणि निघून गेले.  

मी माफी लिहिली नाही. नाव कमी झालं. प्रमाणपत्रं वाटली, क्लार्कला मिळालं, कंपाउंडरला मिळालं, बाईंना मिळालं. आमच्या अकरा घरांतली चार घरं माझ्याशी बोलेनाशी झाली, म्हणाली, हिच्यामुळं आपली मंडळी तुटली. ती अजून बोलत नाहीत. त्यातलं एक माझ्या सख्ख्या दिराचं. हे सगळं मी जिंकून आले असं कुणी समजू नये.

पण रविवारी आबांच्या अंगणात पत्र्याखाली मी शास्त्र उघडते. पहिल्या रविवारी सात जण होते, त्यात माझ्याच घरची चार. शोमरोनी बाईवरची चारही पानं मी त्यांना वाचून दाखवली. गाळलं काही नाही. हाय म्हणाले, न्हाई म्हणाले. कुणी हसलं नाही. त्या बाईचं बोलणं आमच्याच भाषेत बरं वाटतं.

आता कवठे येमाईच्या दोघी आणि वडगाव रासाईची एक अशा तिघी शनिवारी माझ्याकडं येतात. शिकायला. त्यातल्या एकीला वाचताही येत नाही, ती ऐकून पाठ करते आणि माझ्या चुका काढते. पहिल्या दिवशी मी त्यांना स्तोत्र शिकवलं नाही, प्रार्थना शिकवली नाही. आधी प्रत्येकीला तिच्या बापाबद्दल, आईबद्दल खरं काय ते सांगायला लावलं. उभं राहून. चांगलं असेल ते, वाईट असेल ते. सांगून झाल्यावर म्हटलं, हे तुमचं. ह्यात दुसऱ्या कुणाची ओळ घालू द्यायची नाही. पाळकाची नाही, पंचाची नाही, माझीसुद्धा नाही.

दौंडच्या साहेबांना पाहुण्यांपुढं उभी करायला आता दुसरी बाई शोधावी लागेल. आमच्या तिन्ही गावांत ती मिळणार नाही. त्याची तजवीज मी करतेय.