अठरा जणींचं एकच उत्तर

सकाळचे साडेआठ. गॅसवर चहा, मशीनवर कुणाची तरी आखूड करायची पँट, आणि शिवणमावशींच्या ओठांत दोन टाचण्या. त्यांचे यजमान, निवृत्त पोस्टमन, घरभर फिरत होते.

"माझा चष्मा बघितलास का गं?"

"बघतेय की, तुमच्या कपाळावर."

तेवढ्यात दार वाजलं. बाहेर उंच मुलगी उभी होती, समाजशास्त्राची. नेहमी चौकटीला डोकं आपटून हसणारी. आज न हसता वाकून आत आली.

रस्त्यापलीकडे विद्यापीठ. बारा वर्षांपूर्वी तिथल्या समाजशास्त्र विभागाच्या मॅडम पडदे शिवायला टाकून गेल्या आणि मावशींच्या गप्पांवर खूश झाल्या. तेव्हापासून विभागातली मुलं गावभर मुलाखती घेत फिरण्याआधी मावशींकडे सराव करतात. विभाग त्यांना रेकॉर्डर देतो, बसायला खोली देतो, चुका दाखवायला वरच्या वर्गातलं कुणीतरी देतो. मावशी चहा देतात आणि कान पिळतात. "हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारलास, राजा." "वहीत काय बघतोस? माझ्याकडे बघ."

"मावशी, मॅडमनी प्रबंधाचं प्रकरण परत दिलं," मुलगी स्टुलावर बसत म्हणाली.

"का गं? माझ्यासकट अठरा बायका मिळवून दिल्या की तुला! सगळ्या घरबसल्या काम करणाऱ्या."

"त्याच नडल्या. अठराच्या अठरा म्हणतात, 'या कामामुळे मला आत्मसन्मान लाभला.' शब्दन् शब्द! मला वाटलं, निष्कर्षच सापडला. मॅडम म्हणाल्या, या बायका आहेत की समूहगान?"

मावशींनी ओठांतल्या टाचण्या काढून हळूच डबीत टाकल्या.

"आता?"

"मुदत वाढवून दिलीय महिनाअखेरपर्यंत. पुन्हा फिरायला बसभाडंही विभाग देणार आहे. पण या वेळी नाही जमलं, तर वर्ष गेलं. वर्ष गेलं की वसतिगृह गेलं. आणि एकदा घरी गेले की मला परत कोण पाठवतंय?"

आतून यजमानांचा आवाज आला. "सांगतेस, की मी सांगू? भिंतीपलीकडून सगळी तालीम ऐकलीय मी."

मावशींचा चेहरा उतरला. "मीच पढवलं गं त्यांना. गावभरातून बोलावून इथे जिन्यात गोळा केल्या आणि म्हटलं, पोर गुणाची आहे, तिच्यापुढे अडखळू नका. आत्मसन्मान म्हणा. बारा वर्षं सगळ्यांच्या प्रश्नांच्या कागदांवर तोच शब्द बघतेय, वाटलं, मॅडमना आवडत असेल."

मुलगी आ वासून बघत राहिली. "म्हणजे अठराही मुलाखती तुमच्याच?"

"माझ्याच. एका मापाचं बेतलं आणि अठरा जणींना घातलं. करायला गेले एक आणि झालं भलतंच. थांब, आत्ता जाते आणि सगळ्यांना सांगते, पाठ केलेलं विसरा आणि..."

"नको!" मुलगी ताडकन उठली. "पाया पडते, मावशी, कुणाला काही सांगू नका!"

आतल्या खोलीत यजमान खो खो हसले. मग मुलगीही हसली, डोळे पुसत. पिशवीतून तिने रेकॉर्डर काढला. "मी एकेकीकडे पुन्हा जाते. सुरुवात तुमच्यापासून."

मावशींनी मशीनचं बटण बंद केलं. 

"हे काम तुम्ही का करता?"

बारा वर्षांचं उत्तर जिभेच्या टोकावर होतं. त्यांनी समोरच्या पँटकडे पाहिलं. उजवा पाय दुमडून झाला होता, डावा बाकी होता.

"करावं लागलं म्हणून. मला शिवायला आवडत नाही. कधीच आवडलं नाही. मला शिकवायचं होतं. शिक्षण अर्ध्यावर सुटलं आणि मशीन हातात आलं. तुम्ही पोरं येता, वेडेवाकडे प्रश्न विचारता, मी तुम्हाला टोकते, ते मात्र आवडतं."

आतलं हसणं थांबलं होतं. थोड्या वेळाने यजमान चहाचे तीन कप घेऊन आले आणि कधी नव्हे ते बायकोच्या शेजारी टेकले.

मुलगी पुढचा प्रश्न विचारायचं विसरली होती. मावशींनी तिला टोकलं नाही.

"हे लिहू मी? असंच्या असं?"

"लिही. फक्त एक कर. इतक्या पोरांनी माझं बोलणं लिहून नेलं, पण काय लिहिलं ते कुणी दाखवायला आलं नाही. तुझं झालं की माझं पान मला वाचून दाखव."