चुलतभावाच्या पिकअपचं ऑइल

माझा चुलतभाऊ पारनेरहून पिकअपमध्ये कांदा वाहतो. दसऱ्याला गाडीला ढीगभर हार घालतो, पण मागची चाकं फिरवणाऱ्या डिफरन्शियलचं ऑइल या शहाण्याने गाडी घेतल्यापासून एकदाही बदललं नव्हतं. मागून घरघर यायला लागली, तर त्याने गाण्यांचा आवाज वाढवला. केडगावच्या गॅरेजात मात्र दरवर्षी न चुकता जायचा, गोठ्याच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून लोकांच्या गाड्यांचं जळकं ऑइल मागायला. शेवटी मीच त्याला गाडीसकट तिथे नेलं. मिस्त्रीने खालचा नट काढला. डांबरासारखा काळा, लोखंडाच्या किसाने चमकणारा गाळ डब्यात पडला. भावाने त्यात बोट बुडवलं आणि तोंड वाकडं केलं.

"असलं घाण ऑइल," तो म्हणाला, "आपल्या खांबांना न्हाई चालायचं."