माशीच्या तोंडात काय हाय?

आमचे हे घड्याळं दुरुस्त करायचे. शिवाजी पेठेत जिन्याखाली एवढंसं दुकान, राहायला आम्ही उचगावात. डोळ्याला लावायचं एक भिंग त्यांनी जुन्या कॅमेऱ्याच्या तोंडावर बसवलं आणि परसातल्या माश्यांचे फोटो काढायला लागले. उतारवयात माणसं देवाधर्माला लागतात, हे माश्यांना लागले!

घरात घोंगावतात त्या माश्या नव्हेत बरं का. घेवड्याच्या मांडवावर वाळक्या काटकीच्या टोकाला एक बारीक, कुबड आल्यासारखी माशी बसते. पानावरचा तुडतुडा किडा उडाला की झडप घालते, परत त्याच काटकीवर येते आणि सोंड खुपसून त्याला आतून पिते. खाली पडतं ते नुसतं टरफल. पुस्तकात तिला दरोडेखोर माशी म्हणतात. तिच्यातही जाती कितीतरी. मारून टाचणीला टोचली तर ओळखणं सोपं, पण यांचं ठरलेलं, "नावासाठी जीव घ्यायचा न्हाय." तांब्यात मुंगी पडली तरी काडीनं काढून उन्हात ठेवणारा माणूस. म्हणून फोटो.

फोटो धुऊन आले की आम्ही पुढच्या सोप्यात बसायचो. यांचा पहिला प्रश्न एकच, "तोंडात काय हाय?" आधी भक्ष्य ओळखायचं, मग माशी. चिलटं धरणारी वेगळी, भुंगेरा फोडणारी वेगळी. मी चौथी शिकलेली, पण रद्दीतून आणलेल्या इंग्रजी पुस्तकातल्या चित्रांशी ताडून ताडून मलाही तिच्या डोळ्यांमधली खोबण, तोंडावरच्या मिशा दिसायला लागल्या.

मग साखरेनं यांचे डोळे नेले. आधी उजवा, भिंगाचा, मग डावा. दुकान बंद झालं. राहिल्या त्या माश्या. आता फोटो मी काढायचे, बघून मीच सांगायचे आणि नाव हे लावायचे. फोटो धुऊन देणारा स्टुडिओवाला हसायचा, "काकी, आज कुठल्या माशीचं बारसं?"

"तू गप धुऊन दे. तुझ्या लग्नातल्या नवरदेवांपेक्षा माझी माशी कमी हलती, बग की," मी म्हणायचे.

पण नावं चुकायला लागली. मी म्हणायचे मिशा पांढऱ्या आहेत, हे विचारायचे, दुधासारख्या का राखेसारख्या? मला धड सांगता यायचं नाही. मग हे फोटो हातात घेऊन त्यावर बोटं फिरवत बसायचे. घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग नुसत्या बोटांनी ओळखणारा माणूस, आणि फोटो सगळे सारखेच गुळगुळीत. एकदा फेकूनच दिला. "ह्ये बी गेलं तर मी दिवसभर करू काय गं?"

ते माझ्या मनाला लागलं. थंडीत सकाळी माश्या गारठलेल्या असतात. तसल्या एकीवर मी पेला पालथा घातला, तुडतुडा धरला होता तिनं. "अहो, जिती हाय. बोटांनी बघा आन् सोडून द्या."

यांनी हात धुतले, दुकानात बसायचे तसे ताठ बसले. मी तिचे पंख त्यांच्या चिमटीत दिले. तोंडावर दुकानातलं जुनं तेज आलं बघा त्यांच्या.

"फडफडतीया का?"

"व्हय की, चांगलीच."

"मग मला कळंना कसं?"

आणि हरवलेली वस्तू चाचपावी तशी त्यांनी चिमूट आवळली. जरा आणखी आवळली. तळपाय बधिर झालेत हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. बोटांचा विचार कुणी केला नव्हता. मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत झालंच. यांनी हात उंच धरून बोटं उघडली.

"उडाली न्हवं?"

"उडाली."

ती त्यांच्या अंगठ्यालाच चिकटलेली. पायात तुडतुडा तसाच.

यांनी मान कलती करून कानोसा घेतला. मग म्हणाले, "आवाज आला न्हाय."

मी अंगठा पुसायला पदर पुढं केला, तर त्यांनी हात मागं घेतला. "पाणी आण," एवढंच म्हणाले.

त्यानंतरही फोटो यायचे. मी सांगायचे, हे ऐकायचे, कधी नावही लावायचे. तोंडात काय आहे ते मात्र मीच मला विचारायचं आणि मीच सांगायचं. हे ऐकताना दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचे.