ओटीचा फोटो

आमच्याकडे पुढाऱ्याचं लेकरू चाळिशीला आलं तरी 'पोरगं'च असतं. आमच्या पुढाऱ्यांच्या मुलाची स्वतःची लेक कॉलेजात जाते. तरी तो काही वंगाळ बोलला की सगळे म्हणणार, पोरगं हाय, जीभ घसरली. किती घसरावी माणसाची जीभ! आधी शिक्षिकांवर घसरली, मग मेंढरं राखणाऱ्यांवर. दरवेळी चार दिवस आरडाओरडा होई आणि पाचव्या दिवशी साहेबांचं पोरगं पुन्हा व्यासपीठावर दिसे.

मग आष्ट्याच्या सभेत तो म्हणाला, "सैन्यात काय, पगारासाठीच जात्यात. मेला की शहीद, आन् आमी गावोगाव फ्लेक्स लावत बसायचं!" लोक हसले. ते हसणंसुद्धा व्हिडिओत नीट ऐकू येतं. माझा धाकटा भाऊ सीमेवर गोळी लागून गेला तेव्हा बाविशीचा होता. त्याला कुणी पोरगं म्हटलं नाही. तो जवान होता.

आईने एकच धरून ठेवलं. "त्यानं माझ्या दारात यावं. माझ्या तोंडाकडं बघून बोलावं. बाकी मला काय बी नको."

आले त्याचे आईवडील. सोबत सरपंच आणि तीन कॅमेरेवाले. माझे वडील फौजेतून निवृत्त झालेले. साहेब दिसताच सवयीने ताठ उभे राहिले. मला वडिलांचाच राग आला.

"वैनी, पोरगं हाय," साहेब हात जोडून म्हणाले. "चूक पदरात घ्या."

"आवं, पर त्यो कुठं हाय?" आईने विचारलं.

"मुंबईला मीटिंग हाय त्याची."

सरपंच उगाच खाकरले. तेवढ्यात साहेबांच्या बायकोने पिशवीतून नारळ, खण आणि तांदूळ काढले. "ताई, उठा बरं. ओटी भरते तुमची."

आमच्याकडे सवाष्णीने ओटी भरायला घेतली की नको म्हणत नाहीत. वैर असलं तरी नाही. ते त्या बाईला पक्कं ठाऊक होतं, आणि माझ्या आईला तर आयुष्यभराची सवय. आई उठली, वाकली, पदर पुढे केला. तांदूळ पडायच्या आत फोटो निघाले.

दुसऱ्या दिवशी पेपरात त्यातला एक छापून आला. मान खाली घातलेली आई, पुढे धरलेला पदर, समोर साहेब. ओटी भरणारी बाई कापून टाकलेली. वर मथळा, 'वीरमातेने चूक पदरात घेतली'. फोनवर तोच फोटो फिरत होता आणि खाली कुणीतरी लिहिलं होतं, पदर पसरला, काय मिळालं मग? पोराच्या जिवाचं असं भांडवल करतात, असंही एकाने सुनावलं होतं. ज्याची जीभ घसरली तो त्याच संध्याकाळी सांगलीत हार घालून घेत होता.

मी फोन लपवला, पण शेजारणीने आईला सगळं वाचून दाखवलंच. मी बाहेरून घरी आले तेव्हा आई खाटेवर बसली होती. नारळ अजून फोडलेला नव्हता.

"आगं," ती म्हणाली, "मी मागत न्हवते गं. ओटी व्हती ती."