शुक्रवारचं हैदराबाद

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. घरात ती कुणाला ठाऊकही नाही, असं लिहिणार होते — पण सुरुवातच खोट्यानं कशाला करू? एकीला ती ठाऊक आहे. तिनं तोंड उघडलेलं नाही. आणि मी तर शाळेत पोरांना खरं बोलायला शिकवणारी बाई. मी कशाला उघडीन?

तुम्ही माझ्या ओळखीचे नाहीत, म्हणून सांगता येतंय. बघू, जमतंय का.

आमचं घर मन्नाएखेळ्ळीला, हैदराबादच्या हायवेला लागून. खाली दोन दुकानं — माझ्या मालकांचं बी-खताचं आणि धाकट्या दिराचं, मल्लूभावजींचं, टायरचं. वर आम्ही सगळे. मी उदगीरची. लग्न होऊन आले तेव्हा ह्या घरात शिकलेली सून मी पहिली. नोकरी लागली, पगार सुरू झाला, आणि घरात माझा शब्द चालायला लागला. लग्नाला जायचं तर कधी निघायचं, पोरांना कुठल्या शाळेत घालायचं, पाहुण्यांना काय करायचं — "अक्काला इचारा." सासूबाईसुद्धा, ज्यांना आम्ही सगळे अव्वा म्हणायचो, त्याही हेच म्हणायच्या. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

मग सुवर्णा आली. मल्लूभावजींची बायको, कलबुर्गीची. तिचं मराठी मोडकं, मध्येच कन्नड घुसायचं, आणि त्याचं तिलाच हसू यायचं. ती काही माझ्यापेक्षा शिकलेली नव्हती. दिसायलाही बेताचीच. मग काय होतं तिच्यात? मी पुष्कळदा शोधलं. सकाळी लिंगपूजेला बसलेल्या अव्वांच्या मागे ती कन्नड वचनं म्हणायची, तेव्हा अव्वा डोळे मिटून डोलायच्या. माझी लेक अक्षता — तेव्हा पाचवीत — वेणी घालून घ्यायला तिच्याकडे पळायची. का, तर म्हणे काकू ओढत नाही. मी घाईत ओढायची, खरं आहे. शाळा गाठायची असायची मला. पण दारात कंगवा हातात घेऊन उभी राहिलेली आई, आणि आतून येणारा लेकीचा आणि जावेचा हसण्याचा आवाज — कसं वाटतं, सांगू? जिभेखाली कडू गोळी विरघळावी तसं. थुंकताही येत नाही.

तर त्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत हैदराबादला जायचं निघालं. सकाळी निघून रात्री परत. हायवेवरून रोज हैदराबादच्या बसगाड्या जाताना बघायचो, पण घरातलं कुणी फिरायला म्हणून कधी गेलेलं नव्हतं. आणि ही कल्पना सुवर्णाची. माझी नव्हे.

तिनं काय केलं, तर जेवताना एकेकाला विचारलं — तुम्हाला काय बघायचंय? पोरांना होडीत बसायचं होतं. मालकांना गोवळकोंडा. मला तिनं विचारलं तेव्हा मी म्हणाले, "माझं काय, तुम्ही न्याल तिकडं." मग ती अव्वांकडे वळली.

"अव्वा, तुम्ही कामून बोलंना झालाव? तुम्हाला काय बघायचंय?"

अव्वांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. म्हणाल्या, "घड्याळ."

मग त्यांनी सांगितलं. सासरे तरुणपणी गुळाच्या गाड्या घेऊन हैदराबादला जायचे. तिथं नदीकाठच्या म्युझियममध्ये त्यांनी एक भलं मोठं घड्याळ बघितलं होतं. तास भरला की त्यातलं दार उघडून एक बारका माणूस बाहेर येतो, ठोके देतो आणि आत निघून जातो. "एकदा तुला दाखवतो," असं ते अव्वांना म्हणायचे. दाखवायचं राहून गेलं. ते वारले.

मी त्या घरात इतकी वर्षं काढली होती. अव्वांना दवाखान्यात मी नेत होते, त्यांचा चष्मा मी करून आणला होता. हे घड्याळ मला कसं माहीत नव्हतं? मी म्हणालेसुद्धा, "अव्वा, मला कधी सांगितलं न्हाई तुम्ही."

"तू कधी इचारलीस गं?" अव्वा म्हणाल्या. रागानं नव्हे. सहज.

सुवर्णा दिवसभर हैदराबादचंच बोलायची. सगळ्यांत आधी म्युझियम. बाराच्या आत पोचायचं, म्हणजे अव्वांना ठोके पुरे बारा ऐकायला मिळतील. मग चारमिनार, बांगड्या, संध्याकाळी तलावात होडी. अव्वांच्या गुडघ्यांसाठी गाडीत पायांखाली पाटावर उशी बांधायची. चटणी, दशम्या, धपाटे. तिनं ठरवावं आणि सगळ्यांनी "व्हय व्हय" करावं. मालकसुद्धा! मला कुणी काही विचारत नव्हतं.

नाही — हेही खरं नाही. एक गोष्ट तिनं मला विचारली. आणि सगळं तिथंच आहे.

जायचा वार शुक्रवार ठरला होता. भावजींच्या दुकानातले कारागीर शुक्रवारी नमाजला जातात, म्हणून दुकानाला त्या दिवशी सुट्टी असते. सुवर्णा मला म्हणाली, "अक्का, म्युझियम रोज उघडं असतंय का, कुठल्या दिवशी बंद ऱ्हातंय? तुमच्या शाळेत कुणाला ठाऊक असंल. जरा इचारता?" तेव्हा आमच्या घरात साधे बटणांचे फोन होते. आत्तासारखं बोटानं पडदा सरकवून काही कळत नव्हतं.

मी विचारलं. आमच्या शाळेतल्या एका सरांची सासुरवाडी हैदराबादची. ते लगेच म्हणाले, "शुक्रवार सोडून कधीबी जावा मॅडम. शुक्रवारी बंद असतंय."

घरी येताना मी काय ठरवलं होतं? देवाशप्पथ, काहीच ठरवलं नव्हतं. पण जिना चढून वर आले तर अक्षता सुवर्णाच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. आई आलेली बघूनही उठली नाही. सुवर्णानं मान वर केली — "अक्का, इचारलाव का?"

मी चप्पल काढता काढता म्हणाले, "इचारलं. रोज उघडं असतंय."

इतकं सोपं असतं ते. माझा आवाजही हलला नाही.

अजून वेळ होता. गुरुवारी सांगता आलं असतं — अगं, माझ्याकडून ऐकण्यात चूक झाली, वार बदलू. गुरुवारी ती धपाट्यांचं पीठ मळत बसली होती आणि अव्वा इरकली नेसून आरशासमोर पदर नीट करत होत्या. म्हातारपणी! मी बघितलं, आणि गप्प राहिले. मला तिची फजिती बघायची होती. फक्त तिची — अव्वांचं काय होईल, हा विचार मी मनात येऊच दिला नाही. की आला होता, आणि मी बाजूला सारला? आला होता.

शुक्रवारी आम्ही बाराच्या बरंच आधी पोचलो. फाटक बंद. आमच्यासारखीच दोन-चार माणसं येऊन परत फिरत होती. पहारेकरी खुर्चीवर बसलेला. भावजींनी विचारलं तर म्हणाला, "आज जुम्मा है ना भाई. जुम्मे को बंद रहता. कल आओ."

अव्वांना काही कळलं नाही. त्या गाडीतून उतरून, गुडघ्यावर हात ठेवत ठेवत फाटकापर्यंत आल्या होत्या. गजांना धरून आत बघत होत्या. "हितूनच जायचं का गं?" त्यांनी विचारलं.

भावजी भडकले. त्यांचा स्वभावच तसा. भर रस्त्यात सुवर्णाला म्हणाले, "गाडी केलीस, म्हातारीला एवढ्या लांब आणलीस, आन् उघडं हाय का बंद, एवढं इचारता आलं न्हाई तुला? अक्कल कुठं गहाण ठेवलीस?"

सुवर्णानं माझ्याकडे बघितलं. एकदाच.

मला वाटलं, आता ती बोलणार. तिनं बोलायच्या आत — आणि हेच मला तुम्हाला सांगायचं होतं, वरचं सगळं सांगून मी ह्याच्याभोवती फिरत होते — तिनं बोलायच्या आत मी पुढे झाले. तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सुवर्णा, निदान मला तरी इचारायचीस गं. मी शाळेत कुणाला तरी इचारून सांगितलं असतं."

पहिलं खोटं जिन्यात निसटलं, असं एखादवेळी म्हणता येईल. हे दुसरं? हे मी शब्द निवडून बोलले. तिला आता खरं सांगायचं म्हटलं तरी ते खोटं वाटेल, अशी तजवीज करून बोलले.

माझ्या हाताखाली तिचा खांदा आक्रसला. ती म्हणाली, "चुकलं माझं." बस्, इतकंच. आणि अव्वांना हाताला धरून गाडीकडे घेऊन गेली.

उरलेला दिवस माझा झाला. काय करायचं, कुणालाच सुचत नव्हतं. मग मी ठरवलं, अगदी पूर्वीसारखं. चारमिनारला जुम्म्याची ही गर्दी, अव्वा गाडीतच बसून राहिल्या. संध्याकाळी मी पोरांना होडीत बसवलं, पाण्यातला बुद्धाचा पुतळा दाखवला. मालक म्हणाले, "तू होतीस म्हणून दिवस तरी निभावला." मला आनंद झाला. लिहायला लाज वाटतेय, पण झाला. फक्त होडीत अक्षता माझ्या शेजारी बसली नाही. काकूच्या कुशीत शिरून बसली, तिचा हात घट्ट धरून. एवढं होऊनही! मी समोरच्या फळीवर बसून बघत होते.

त्यानंतर सुवर्णानं घरात काही ठरवायचं सोडून दिलं. एकदा तिनं परत हैदराबादचा विषय काढला, तर भावजी म्हणाले, "तू ऱ्हाऊ दे. तुझं ठरवणं बघितलंय." सगळे हसले. मीही हसले. ती गोष्ट घरात चेष्टेची झाली — कुणी काही विसरलं की "सुवर्णाचं घड्याळ". पुढच्या वर्षी नेऊ, पुढच्या वर्षी नेऊ, म्हणता म्हणता अव्वांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग समोरचंही. घड्याळ बघायचं राहिलं ते राहिलंच.

त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी चाचपडत माझं मनगट धरलं. म्हणाल्या, "त्या घड्याळावरनं सुवर्णीला हसू नगासा गं. तू थोरली हाईस, तू सांग सगळ्यांला. चुकलं लेकरू. माफ कर तिला."

तुम्ही असता तर काय केलं असतं? खोलीत तिसरं कुणी नव्हतं. ज्यांना सांगायचं त्या समोर होत्या, माझा हात धरून. एक वाक्य पुरलं असतं. मी चमचा पुढे केला आणि म्हणाले, "केलं, अव्वा."

त्या गेल्या.

मातीला आलेले पाहुणे परतल्यावर आम्ही दोघी मागच्या बाजूला भांडी घासत बसलो होतो. मी विचारलं — का विचारलं, कुणास ठाऊक — "त्या दिवशी फाटकापाशी तू कामून बोलली न्हाईस?"

तिनं पातेलं पालथं घातलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बोलून काय, अक्का? अव्वा तितं उन्हात उभ्या होत्या. आपण दोघी भांडत बसलो असतो, तर त्यांना बसायला कुणी नेलं असतं?"

म्हणजे मी हे मुद्दाम केलं, हे तिला त्याच क्षणी कळलं होतं. तेव्हापासून रोज माझ्यासमोर वावरताना कळलेलं होतं. त्यावर मी चुकलं म्हणाले का? नाही. मी दुसरं भांडं उचललं.

अक्षता आता हैदराबादलाच नोकरीला आहे. रविवारी तिचा फोन येतो, तो आधी सुवर्णाच्या फोनवर. मी कामात असते म्हणे. मी जिन्यात थांबते आणि दोघींचं बोलणं ऐकते. काय जेवलीस, केस गळायलेत का, कधी येणार — मीही हेच विचारते. पण मला ती दोन शब्दांत उत्तर देते, आणि काकूशी बोलताना खिदळते. सुवर्णानं मनात आणलं तर एका फोनवर ती माझ्या लेकीला सगळं सांगू शकते. ती सांगत नाही. मला त्याचं बरं वाटायला हवं ना?

मला तिचा हेवा वाटतो. अजूनही, तसाच. कालही रविवार होता. मी जिन्यात उभी होते.