उतरलेल्या सेलवरचा अल्बम

दादाला झटका आला तो ऐन गळिताच्या हंगामात. उजवं अंग गेलं, ते थोडंफार परत आलं. वाचा मात्र गेली ती गेलीच. आयुष्यभर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासणारा आणि अख्ख्या कॉलनीच्या नकला करणारा माझा थोरला भाऊ आता ‘पाणी’ म्हणायला जायचा आणि घशातून नुसता ‘अं’ निघायचा. मग तो डाव्या हाताने पलंगाची कड आपटायचा. मी बारामतीत राहते, कॉलेजात इंग्रजी शिकवते. तास संपले की भवानीनगरची एसटी धरायची, तो ‘अं’ ऐकायचा आणि परत यायचं, असं चाललं होतं.

स्पीच थेरपीच्या बाईंनी एकदा सांगितलं की, बोलता न येणारा माणूस कधीकधी गाऊ शकतो. पाठ असलेलं गाणं लावून बघा, एक ओळ जरी तोंडातून निघाली तरी तिच्या मागून शब्दांना वाट होते. पण लवकर करा, असंही म्हणाल्या. सुरुवातीचे महिने हातचे गेले की पुढे अवघड असतं.

वहिनी लोणी भापकरची, भजनाच्या घरातली. तिने आरत्या लावल्या, अभंग लावले. दादा छताकडे बघत पडून राहिला. जन्मात त्याने आरतीला झांज वाजवण्यापलीकडे काही केलं नव्हतं. त्याला काय पाठ आहे ते मला ठाऊक होतं.

नव्वदच्या दशकात तो पुण्याला डिप्लोमा करत होता, तेव्हा तिथून इंग्रजी रॉकची एक कॅसेट घेऊन आला. कव्हरवर चौकड्यांचे शर्ट घातलेली, केस डोळ्यांवर आलेली चार पोरं. आठवडाभर अंघोळ नसावी. आमच्या कॉलनीत असलं काही कुणी ऐकलं नव्हतं. संध्याकाळी लाइट जायची, म्हणून टेप सेलवर चालायचा. नवे सेल मागायची सोय नव्हती. उतरलेले सेल दाताने चावायचे, दिवसभर कुंपणाच्या भिंतीवर उन्हात ठेवायचे आणि संध्याकाळी पुन्हा टेपात घालायचे, ही आमच्याकडची रीत. मेलेल्या सेलांत तेवढ्याने जराशी धुगधुगी यायची. त्या धुगधुगीवर दादाने तो अल्बम शेकडो वेळा ऐकला, टेपाला कान लावून, डोळे मिटून, सगळा शब्दन् शब्द म्हणत. इंग्रजीत तो दोनदा नापास झालेला. अर्थ त्याला कळत होता का, हे आम्ही कुणी विचारलं नाही.

कॅसेट केव्हाच हरवली होती, पण अल्बम फोनवर मिळाला. मी धावतपळत गेले, उशाशी फोन ठेवला आणि गाणं सुरू केलं. दादाने पाहुण्याने ऐकावं तसं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मला खरंच वाटेना. दुसरं गाणं लावलं, तिसरं लावलं. मग त्या काळातले दुसरे अल्बम लावले, त्याच्या मित्रांकडून आलेले, मला आठवतील तेवढे. रोज तेच. एक दिवस माझा तोल सुटला आणि मी त्याच्यावर ओरडले की, अरे, हे तुझंच आहे ना, तोंड उघड की जरा. तो रडायला लागला. वहिनीने फोन उचलून माझ्या हातात दिला.

“आता बास करा, वन्सं. त्यास्नी तरास हुतोय.”

मी बाहेर ओट्यावर येऊन बसले. इतकी हरलेली मी कधीच नव्हते. महिने चालले होते आणि मी त्याला गाणी ऐकवून रडवत होते. तेवढ्यात समोर भिंतीवर सेल दिसला. घरातलं घड्याळ बंद पडलं होतं, आणि वहिनीने त्यातला सेल काढून, चावून, उन्हात ठेवला होता. मी त्या सेलाकडे बघत राहिले. मग एकदम लक्षात आलं की मी त्याला ऐकवत होते ते त्याचं गाणं नव्हतंच. उतरलेल्या सेलांवर आमचा टेप हळू फिरायचा, त्यात गिटार चिखलातून चालल्यासारखी चालायची आणि गायकाचा आवाज पार खाली, जडशीळ. वडील विचारायचे, ह्यो गडी आजारी हाय का? फोनमधली पोरं तरतरीत होती. त्यांना दादा ओळखत नव्हता.

फोनवर गाण्याचा वेग आणि पट्टी उतरवायची सोय असते, ती मी शोधली. डोळे मिटून, जुनी चाल आठवत, गाणं खाली खाली आणत गेले. पुरतं मरगळल्यावर आत जाऊन लावलं.

दादाने मान वळवली. डावा हात चादरीवर ताल धरू लागला. आणि धृपद आलं तसं तोंड उघडून त्याने ती ओळ म्हटली. अख्खी, स्पष्ट, एकही शब्द न गिळता. वहिनी पिठाच्या हातांनी धावत आली आणि दारातच खाली बसली. आम्ही दोघी हसत होतो, रडत होतो. मी पाण्याचा तांब्या त्याच्यासमोर धरला.

“दादा, आता पाणी म्हण. पा-णी.”

त्याने तांब्याकडे पाहिलं, ओठ जुळवले, आणि तीच ओळ म्हटली.

त्यालाही कळलं. चेहरा कसा पडला ते मी पाहिलं. त्याने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तीच ओळ आली. थेरपीच्या बाई म्हणाल्या, धीर धरा. आम्ही धरला. हंगाम संपला, पाऊसकाळ गेला, आता पुन्हा उसाच्या ट्रॉल्या धावताहेत. भूक लागली की ती ओळ, पाठ दुखली की ती ओळ, दारात कुणी आलं की ती ओळ. दुसरा शब्द आला नाही. येईल असं आता मला वाटत नाही.

मागच्या आठवड्यात वहिनीने चहा देता देता विचारलं, “वन्सं, तुमाला तर इंग्रजी येतं. काय म्हणत्यात हे?”

अर्थ मला पहिल्या दिवसापासून माहीत होता. मला एकटं सोड, जा इथून, असं तो गायक कुणाला तरी सांगत असतो. मी कप खाली ठेवला.

“जाऊ नको, जवळ बस, असं आहे ते,” मी म्हणाले.

वहिनीने डोळ्यांना पदर लावला. तेव्हापासून दादाने ओळ म्हटली की ती हातातलं काम टाकून येते, त्याचा हात हातात घेऊन पलंगावर बसते. तो तिच्याकडे बघतो आणि पुन्हा तीच ओळ म्हणतो. ती आणखी जवळ सरकते.