काकूच्या खुणा

माझी काकू कलाकार आहे असं मी म्हटलं की ती हात झटकते. म्हणते, "कलाकार कसली, काही टाकवत नाही एवढंच." पण मी तिची पुतणी, शेजारच्याच घरात वाढलेली. तिच्याबद्दल फुशारकी मारायचा हक्क मी काही सोडणार नाही.

ती शिंप्याच्या दुकानात काज-बटणं करते. दुकानातल्या चिंध्या, भाजीच्या जुड्यांची रबरं, सायकलची फाटकी ट्यूब, काही म्हणून तिच्या हातून सुटत नाही. या पसाऱ्यावरून आम्ही तिची भरपूर चेष्टा केली. मग काकांचे डोळे गेले आणि आमची तोंडं बंद झाली.

काका बस चालवायचे. नजर अधू होत होत शेवटी उजेड आणि अंधार एवढंच कळायचं राहिलं. खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले ते बसलेच. पाणीसुद्धा मागून प्यायचे. त्यांचा मुलगा, आमचा दादा, दुसऱ्या शहरात असतो. तो म्हणाला, "आई, नोकरी सोड आणि दोघं माझ्याकडे चला. बाबांना एकटं टाकून तू दुकानात कशी जाणार?" दादा मनाने सोनं, पण त्याचं घर परकं. तिथे काका खुर्चीतून कधीच उठणार नाहीत, हे काकू ओळखून होती. ती म्हणाली, "मला थोडा वेळ दे. मग येऊन बघ. हे एकटे राहू शकत नाहीत असं वाटलं, तर मुकाट्याने येऊ."

आणि तिने पदर खोचला. जुन्या चादरी फाडून जाड वेणी घातली आणि पलंगापासून भिंतीच्या कडेने खिळ्यांना अडकवत नेली. वेणीला एक गाठ लागली की स्वयंपाकघर, दोन लागल्या की न्हाणीघर. पायऱ्यांच्या कडांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवल्या. गॅसच्या बटणावर माझ्या नेलपॉलिशचा जाड ठिपका दिला. बाटली न विचारता नेली होती, तेही सांगून ठेवते. सदऱ्यांच्या कॉलरला आतून बटणं, पांढऱ्याला एक, निळ्याला दोन. औषधाच्या एका बाटलीच्या झाकणाला पॉलिश पेपर, दुसरीच्या झाकणाला फ्लॅनेलचा तुकडा. "सकाळ खरखरीत, रात्र मऊ," असं तिने त्यांचा अंगठा धरून शिकवलं. साखरेच्या डब्याला एक रबर, मिठाच्या डब्याला दोन.

काका आधी उखडले. "मी काय लहान पोर आहे, गाठी मोजत फिरायला?" काकूने वाद घातला नाही. खुर्चीजवळ पाणी ठेवणं तेवढं बंद केलं आणि दुकानात निघून गेली. तहान लागली की माणूस बरोबर वेणी धरतो.

दादा आला त्या दिवशी चहा काकांनी केला. गॅस त्यांनीच पेटवला, कपाच्या काठाला बोट लावून एक थेंब न सांडता चहा ओतला. काकूची मान अशी ताठ, की बघत राहावं. दादाने घोट घेतला आणि त्याचा चेहरा बघून मी माझा कप तसाच खाली ठेवला. काकूने मात्र घोट गिळला.

"मीठ पडलंय," दादा हळू आवाजात म्हणाला. "आज मीठ, उद्या काय? आई, बॅगा भरायला घेऊ ना?"

काकूची ताठ मान खाली गेली. मला दादाचा राग आला.

काका उठले. वेणी धरून ओट्याशी गेले, दोन्ही डबे चाचपले, मग ओट्यावर बोटं फिरवून काहीतरी चिमटीत उचललं. तुटकं रबर होतं. "मिठाच्या डब्यावरचं एक गेलं. मग दोघांना एकेकच राहिलं, मला कसं कळावं?" ते म्हणाले. "जुडीचं वापरलेलं रबर, कितीसं टिकणार. नवं विकत आणलं असतं तर तुझ्या आईला ताप चढला असता."

काकू हसली, पण डोळे पुसत.

"माझे ड्यूटीचे मोजे दे," काका म्हणाले.

त्यांचा गणवेश मोज्यांसकट कपाटात इस्त्री करून ठेवलेला होता. त्याला कात्री लावायची काकूचीही छाती झाली नव्हती. पुन्हा गाडीवर बसू ही आशा काकांनी कधी बोलून दाखवली नाही, पण ती आम्हाला सगळ्यांना ठाऊक होती.

"दुसरं काहीतरी देते ना," काकू म्हणाली.

"तेच दे. त्यांचं इलास्टिक चिवट आहे. आणि आता मला कुठे लागतात?"

त्यांनी मोज्याची वरची जाड पट्टी बोटांनी शोधली आणि स्वतःच कापली. कड वाकडी झाली. ती पट्टी त्यांनी मिठाच्या डब्यावर ओढून चढवली, खेचून बघितली. "झालं. कापड लागलं की मीठ. मोजायची भानगडच नको." काकूने डब्यावरून हात फिरवला. तिची शिवण शिंपीही नावाजतो, पण तिने वाकडी कड सरळ केली नाही. मला त्या दोघांचा इतका अभिमान वाटला की तो लपवायला मी खिडकीबाहेर बघत बसले.

काकांनी पुन्हा चहा ठेवला. या खेपेला गोड झाला, जरा जास्तच. दादाने कप रिकामा केला. तेवढ्यात वहिनीचा फोन आला, खोली आवरून ठेवली आहे म्हणून.

"राहू दे," दादा तिला म्हणाला. "बाबा येत नाहीयेत. त्यांना इथे कामं आहेत."